बेरिल बर्टन : पंचवीस वर्षं सलग अव्वल, तरी अनोळखी

लांबपल्ला

सायकलिंगच्या इतिहासावर गप्पा सुरू झाल्या की मर्क्स, कोप्पी, इनो ही नावं आपसूक येतात. ब्रिटनच्या बेरिल बर्टनचं नाव काढलं की मात्र "ही कोण?" असं विचारणारेच जास्त भेटतात. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा धागा काढतेय.

आधी कामगिरी सांगते. ट्रॅकवर पाच आणि रस्त्यावर दोन अशी सात विश्वविजेतेपदं. ब्रिटनमध्ये नव्वदहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदं. टाइम ट्रायलमधल्या, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या शर्यतींमधल्या, सर्वोत्तम अष्टपैलू महिला सायकलपटूचा ब्रिटिश किताब १९५९ ते १९८३ सलग पंचवीस वर्षं तिच्याकडे. २५, ५० आणि १०० मैल अशा तिन्ही अंतरांवरच्या सरासरी वेगावरून हा किताब ठरायचा, म्हणजे एखादा दिवस चांगला गेला आणि काम झालं असं नाही. पंचविसाव्या वेळी ती ४६ वर्षांची होती. आणि या सगळ्या काळात ती हौशी खेळाडूच राहिली, पोटापाण्यासाठी शेतावर राबत.

जन्म १२ मे १९३७, लीड्सच्या हाल्टन भागात. माहेरचं आडनाव चारनॉक. लहानपणी, माध्यमिक शाळेसाठीच्या निवड परीक्षेच्या सुमारास ती आजारी पडली. ऱ्हुमॅटिक फीवर (सांधे आणि हृदयावर परिणाम करणारा ताप) झाला, हातापायांवरचा ताबा सुटला. आधी रुग्णालय, मग साउथपोर्टच्या आरोग्यधामात पंधरा महिने. डॉक्टरांनी दमणुकीचं काहीही करायचं नाही म्हणून बजावलं होतं. शाळा मागे पडली ती पडलीच.

पुढे नोकरीच्या ठिकाणी चार्ली बर्टन भेटला. तो क्लबात सायकल चालवायचा, त्याच्यामुळे ही सायकलवर बसली. १९५५ मध्ये लग्न, १९५६ च्या जानेवारीत मुलगी डेनिस. तिच्या सुरुवातीबद्दल चार्लीने नंतर सांगितलेलं फार बोलकं आहे. पहिल्या वर्षी क्लबातल्या लोकांना तिला मागून ढकलावं लागायचं, दुसऱ्या वर्षी ती त्यांच्या बरोबरीने चालवू लागली, तिसऱ्या वर्षी ती पुढे आणि बाकी सगळे मागे.

१९५७ मध्ये १०० मैलांच्या राष्ट्रीय टाइम ट्रायलमध्ये रौप्य. १९५९ मध्ये बेल्जियममधल्या लिएजला ३ किलोमीटर परस्यूटचं (ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकींचा पाठलाग करायची शर्यत) पहिलं विश्वविजेतेपद. १९६० मध्ये लाइपझिगला परस्यूट आणि रोड रेस दोन्ही. मग १९६२, १९६३ आणि १९६६ मध्ये पुन्हा परस्यूट, आणि १९६७ मध्ये नेदरलँड्समधल्या हेर्लेनला रोड रेसचं दुसरं सुवर्ण.

पण तिचं नाव ज्या दिवसासाठी घ्यायलाच हवं तो या हेर्लेननंतर अवघ्या दोन आठवड्यांनी उजाडला. १७ सप्टेंबर १९६७, यॉर्कशायर, ओटली सायकलिंग क्लबची बारा तासांची टाइम ट्रायल. बारा तासांत जो जास्तीत जास्त अंतर कापेल तो जिंकला, एवढाच नियम. पुरुष स्पर्धक ९९. एकेका मिनिटाच्या अंतराने ते सुटले. सगळ्यात शेवटचा माइक मॅकनमारा, त्या मोसमातला जबरदस्त फॉर्मात असलेला गडी. महिलांची स्पर्धा वेगळी धरलेली होती, रस्ता मात्र तोच. मॅकनमारा सुटल्यानंतर दोन मिनिटांनी बेरिल सुटली.

दिवसभरात ती एकेकाला गाठत गेली. सव्वादोनशे मैलांच्या पुढे कधीतरी तिला समोर मॅकनमाराची पाठ दिसू लागली. तोही त्या दिवशी रडतखडत चालवत नव्हता, पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडायच्या वाटेवर होता. ती त्याच्या बरोबरीला आली. नुसतं मागे टाकून निघून जाणं तिला बरं वाटेना. तिच्या जर्सीच्या खिशात लिकरिश ऑलसॉर्ट्स नावाच्या ज्येष्ठमधाच्या रंगीत गोळ्या होत्या. त्यातली एक काढून तिने त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली, आभार मानले, तोंडात टाकली. ती पुढे गेली.

बारा तास संपले तेव्हा मॅकनमाराच्या नावावर २७६.५२ मैल होते, पुरुषांचा नवा विक्रम. बेरिलचे २७७.२५ मैल. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ४४५.० आणि ४४६.२. तिची सरासरी ताशी ३७ किलोमीटरच्या वर. पोलादी सायकल, आजच्यासारखे पुढे झुकून हात ठेवायचे एरो हँडल नाहीत, रस्त्यावर नेहमीची रहदारी चालू.

पुरुषांना हे अंतर ओलांडायला १९६९ उजाडलं. महिलांमध्ये तिचा विक्रम २०१७ पर्यंत टिकला. पन्नास वर्षं.

---

चक्रधर

फार सुंदर लिहिलंय. मॅकनमाराबद्दलही आदर वाटला. स्वतः विक्रम करत असताना मागून कुणीतरी येऊन पुढे जातं आणि आपण आभार मानतो, हे सोपं नाही.

एक शंका. बारा तास म्हणजे कुणी नेमक्या खुणेवर थांबणार नाही. मग २७७.२५ असं पाव मैलापर्यंतचं अंतर कसं मोजतात? तेही १९६७ मध्ये?

---

लांबपल्ला

चांगला प्रश्न. दिवसाचा बराचसा भाग लांबच लांब रस्त्यांवर जातो, आणि शेवटचे काही तास सगळ्यांना एका छोट्या फेरीवर आणतात. या फेरीवर आधीच अंतर मोजून ठरावीक जागी टाइमकीपर बसवलेले असतात. प्रत्येक स्पर्धक आपल्यासमोरून कधी गेला ते हे लोक लिहून ठेवतात. बारा तास भरले की स्पर्धक पुढच्या टाइमकीपरपर्यंत जातो. मग बारा तासांच्या आधीची शेवटची नोंद आणि नंतरची पहिली नोंद यांवरून त्रैराशिक मांडून अंतर काढतात. कागद, पेन्सिल आणि चांगली घड्याळं असली की झालं.

प्रत्येकाची वेळ स्वतः सुटल्यापासून धरतात. त्यामुळे मॅकनमाराला गाठलं त्या क्षणी बेरिल त्याच्याहून दोन मिनिटांनी पुढे होती. शेवटी दोघांमधला फरक १.२ किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे त्यानेही नंतर सोडून दिलं नाही, तो तिच्या मागोमाग तसाच झुंजत राहिला.

---

निरांजन

धाग्यात एक संदर्भ जोडतो. ब्रिटनमध्ये टाइम ट्रायलला एवढं महत्त्व का, हे कळल्याशिवाय बेरिलची कारकीर्द नीट कळत नाही.

युरोपात रस्त्यावरची शर्यत म्हणजे सगळे एकदम सुटणार, घोळक्याने जाणार. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलिसांच्या तक्रारींमुळे सायकल संघटनेनेच अशा शर्यतींवर बंदी घातली. त्यातून वाट काढली ती टाइम ट्रायलची. एकेकटा सुटणार, पहाटे, गावं जागी व्हायच्या आत. कपडे काळे, अंगभर. रस्त्यांना सांकेतिक क्रमांक, म्हणजे बाहेरच्याला कार्यक्रम कळला तरी जागा कळू नये. शर्यत चाललीय हे कुणाच्या लक्षातच येऊ नये, असा सगळा बेत. १९४२ मध्ये पर्सी स्टॅलर्डने ही बंदी झुगारून घोळक्याची शर्यत भरवली. त्यावरून संघटनांमध्ये वर्षानुवर्षं भांडणं चालली.

बेरिल आली तेव्हा ही भांडणं मिटत आली होती, पण खेळाची मुळं टाइम ट्रायलमध्येच होती. तिथे प्रेक्षक नाहीत, टीव्ही नाही, बक्षिसाची रक्कम नावापुरती. तुमची वेळ क्लबाच्या कागदावर आणि सायकलच्या साप्ताहिकात छापून येणार, बस्स. ती विस्मृतीत का गेली याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. तिचे उत्तमातले उत्तम दिवस कॅमेऱ्यासमोर घडलेच नाहीत.

---

सोनचाफा

वाचताना अंगावर काटा आला, खरंच. तरी एक गोष्ट मनात सलतेय आणि ती इथे बोलायला हवी. १९७६ ची राष्ट्रीय रोड रेस. डेनिस, तिची स्वतःची मुलगी, शेवटच्या स्प्रिंटमध्ये आईला मागे टाकून जिंकली. आणि विजेत्यांच्या मंचावर बेरिलने तिच्याशी हात मिळवायला नकार दिला. आईने असं करावं? मी आई आहे आणि मला हे पचत नाही. खेळाडू म्हणून कितीही मोठी असली तरी त्या क्षणी ती मला लहान वाटली.

---

लांबपल्ला

सोनचाफा, हा प्रसंग मला टाळायचा नव्हता, तुम्ही आधी काढलात हे बरं झालं.

घडलं ते तसंच. बेरिलचं म्हणणं असं होतं की दोघी पुढच्या छोट्या गटात होत्या आणि डेनिसने तो गट पुढे ठेवण्यासाठी आपल्या वाट्याचं काम केलं नाही. रोड रेसमध्ये पुढे राहून वारा कापणाऱ्याची ताकद जास्त खर्च होते, मागे बसणाऱ्याची वाचते. पुढे ओढणारा वाऱ्यात दमायचा आणि मागच्याने शेवटी उडी मारून जिंकायचं, हे नियमात बसतं, पण बेरिलला ते कधीच रुचलं नाही. ती टाइम ट्रायलमध्ये वाढलेली. जितकं बळ तितकं अंतर, एवढाच हिशेब तिला माहीत.

तरीही मी तिची बाजू घेणार नाही. मुलीने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलंय, तो हात हातात घ्यायलाच हवा होता. बेरिलने स्वतःही पुढे त्या वागण्याबद्दल अवघडलेपणाने लिहिलं आहे.

डेनिसबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण या प्रसंगात ती केवळ आईची मुलगी म्हणून उरते. १९७५ मध्ये तिने परस्यूटमध्ये जागतिक कांस्य मिळवलं होतं. १९७२ च्या विश्वविजेतेपद स्पर्धेसाठी मायलेकी दोघी एकाच वेळी ब्रिटनच्या संघात होत्या. आणि १९८२ मध्ये दोघींनी एकाच टँडेमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर, बसून १० मैलांचा महिलांचा ब्रिटिश विक्रम केला. १९७६ नंतर सहा वर्षांनी. टँडेमवर पुढची आणि मागची यांचे पाय एकाच तालात फिरावे लागतात, अबोला धरून ती चालवता येत नाही.

---

सोनचाफा

टँडेमचं माहीत नव्हतं. बरं वाटलं वाचून. तो हात न देणं मला अजूनही आवडत नाही, पण गोष्ट तिथे संपत नाही एवढं कळलं.

---

अबोली

मला दुसरी बाजू दिसते. चॅम्पियन बाप मुलाशी असा वागला असता तर आपण त्याला "हाडाचा लढवय्या" म्हटलं असतं. बाईने केलं की लगेच आईपण काढायचं. दोघांनाही एकच माप लावा, एवढंच म्हणणं.

---

सोनचाफा

अबोली, बापाने केलं असतं तरी मला ते वाईटच वाटलं असतं. पण तुमचा मुद्दा मान्य, सगळ्यांना वाटलं नसतं.

---

खडीचा रस्ता

मला तिच्या शेतावरच्या कामाबद्दल लिहायचंय, कारण तिच्या ताकदीचं मूळ मला तिथे दिसतं.

लीड्सजवळच्या मोर्लीला निम कार्लाइन नावाच्या माणसाचं रुबार्बचं (आंबट देठांची एक भाजी) शेत होतं, तिथे ती काम करायची. हा निम स्वतः मोर्ली क्लबचा आणि २४ तासांच्या टाइम ट्रायलचा राष्ट्रीय विजेता. म्हणजे मालकही तसलाच! वेकफील्ड, मोर्ली आणि रॉथवेल या गावांमधला पट्टा रुबार्बसाठी प्रसिद्ध आहे. हे पीक तिथे हिवाळ्यात खास पद्धतीने घेतात. रोपांची मुळं आधी दोनेक वर्षं उघड्या शेतात वाढू देतात, पान खुडत नाहीत. मग कडाक्याची थंडी त्यांना लागू देतात. त्यानंतर ही मातीने लडबडलेली जाडजूड मुळं खणून काढायची आणि उबदार, पूर्ण अंधाऱ्या शेडमध्ये दाटीवाटीने मांडायची. अंधारात प्रकाशाच्या शोधात देठ भराभर वाढतात, कोवळे आणि गुलाबी. उजेड लागला तर ते निबर होतात, म्हणून तोडणीसुद्धा मेणबत्तीच्या उजेडात.

आता विचार करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, गोठलेल्या जमिनीतून ओली मुळं उपटायची, उचलायची, वाहायची. दिवसभर वाकून. कंबर, पाठ, खांदे, मांड्या सगळं त्यात लागतं. आजचे सायकलपटू हिवाळ्यात जिममध्ये वजनं उचलतात, बेरिलला ते काम पगारात मिळालं होतं. वर तिचं सायकलिंग वेगळं, कामावर जाण्यायेण्यापासून ते क्लबच्या लांब रपेटीपर्यंत. तिने खास शास्त्रशुद्ध ट्रेनिंग केलं नाही असं लोक म्हणतात तेव्हा हे शेत विसरतात.

---

चक्रधर

खडीचा रस्ता, माहिती अप्रतिम. पण इथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. कष्टाच्या कामामुळे ती मोठी झाली, असं म्हणताना आपण गरिबीचं कौतुक करू लागतो. तिला पूर्ण वेळ सायकलिंग करता आलं असतं तर? शेतावर दिवस घालवून दमलेल्या शरीराने तिने सात सुवर्णं जिंकली, तर विश्रांती मिळालेल्या शरीराने किती जिंकली असती? मला वाटतं शेतकामाने तिला जेवढं दिलं त्याहून जास्त तिच्याकडून घेतलं.

आणि तिला व्यावसायिक व्हायची संधी कधीच आली नाही का?

---

लांबपल्ला

आली होती. सायकल बनवणाऱ्या कंपनीने साठच्या दशकात प्रस्ताव दिला होता, तिने नाकारला. कारण समजण्यासारखं आहे. तेव्हा पैसे घेतले की हौशी स्पर्धा बंद, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, क्लबच्या टाइम ट्रायल, जागतिक स्पर्धा सगळ्यावर पाणी. महिला व्यावसायिकांच्या शर्यती तर जवळपास नव्हत्याच. कंपनीने सांगितलेले जाहिरातीपुरते विक्रम करत फिरायचं, याला ती तयार नव्हती. तिला माणसांशी शर्यत करायची होती.

तुमचा मुद्दा मला पटतो, आणि त्याला आधार ट्रॅकवरचे निकालच देतात. सुरुवातीला तिची खरी टक्कर बेल्जियमच्या इव्होन रेंडर्सशी होती. १९६१ मध्ये रेंडर्सने तिला परस्यूट आणि रोड रेस दोन्हीत रौप्यावर ढकललं, १९६४ मध्ये परस्यूटमध्ये पुन्हा. ही बरोबरीची लढाई होती. पण साठच्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत मुली आल्या. तामारा गार्कुशिनाने १९६७ मध्ये परस्यूट जिंकली आणि मग १९७० ते १९७४ सलग पाच वेळा. त्यांच्यामागे सरकार होतं, प्रशिक्षक होते, वर्षभर सरावाची सोय होती. बेरिल त्याच काळात १९६७, १९७०, १९७१ आणि १९७३ मध्ये कांस्य घेऊन परतली. मधे १९६८ मध्ये रौप्य. १९७३ मध्ये ती ३६ वर्षांची होती. शेतावरची नोकरी, घर आणि मुलगी सांभाळून.

तिच्यामागे कोण होतं? चार्ली. सायकल दुरुस्त करणं, गाडी चालवणं, रस्त्याच्या कडेला बाटली घेऊन उभं राहणं, मुलीला सांभाळणं, सगळं तोच. पन्नाससाठच्या दशकात एखाद्या नवऱ्याने स्वतःची सायकलिंगची हौस बाजूला ठेवून बायकोच्या खेळासाठी एवढं करावं, हे विरळाच. त्याच्याबद्दल लिहिताना लोक एका वाक्यात आटपतात, ते बरोबर नाही.

आता ऑलिम्पिकचं. सायकलिंग १८९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. महिलांची पहिली सायकल शर्यत १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला झाली, रोड रेस. महिलांची परस्यूट १९९२ मध्ये आली. बेरिल १९८४ मध्ये ४७ वर्षांची होती. तिच्या ऐन भरातल्या सगळ्या वर्षांत, १९६०, १९६४, १९६८, १९७२, तिच्यासाठी ऑलिम्पिकमध्ये एकही शर्यत नव्हती. १९६० मध्ये तर ती परस्यूट आणि रोड रेस दोन्हीची विश्वविजेती झाली आणि त्याच वर्षी रोमच्या ऑलिम्पिकला फक्त पुरुष सायकलपटू गेले. आज आपण कुणालाही मोठं ठरवताना आधी ऑलिम्पिक पदकं मोजतो. त्या तक्त्यात तिचा रकाना रिकामाच दिसणार.

---

निरांजन

याच्याशी शंभर टक्के सहमत. एक सावधगिरीची सूचना मात्र करतो, कारण असे धागे पुढे फिरतात आणि मग "बेरिल सगळ्या पुरुषांपेक्षा वेगवान होती" असं काहीतरी पसरतं. तसं नव्हतं.

१९६८ मध्ये तिला फ्रान्समधल्या ग्रां प्री दे नासियाँ या नावाजलेल्या व्यावसायिक टाइम ट्रायलमध्ये पुरुषांच्या आधी सुटून चालवण्याची परवानगी मिळाली. तिची सरासरी ताशी ४१.८५ किलोमीटर. जिंकला फेलिचे जिमोंदी, ताशी ४७.५२. सत्तरएक किलोमीटरच्या अंतरावर हा फरक मोठा आहे. जागतिक दर्जाच्या व्यावसायिक पुरुषाशी तिची बरोबरी नव्हती, आणि तिनेही तसा दावा केला नाही.

बारा तासांत चित्र बदललं, कारण तिथे स्नायूंच्या जोराइतकंच महत्त्व एकसारखा वेग धरण्याला, खाणंपिणं पोटात टिकण्याला आणि मन न ढळण्याला असतं. शिवाय ती ब्रिटनच्या उत्तमातल्या उत्तम हौशी पुरुषांविरुद्ध होती, आणि त्या दिवशी त्यांच्यातल्या एकानेही तिच्याइतकं अंतर कापलं नाही. एवढं सत्य पुरेसं मोठं आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

---

खडीचा रस्ता

निरांजन, धन्यवाद. याच धर्तीवर आणखी एक तुलना देतो, ती मला जास्त भावते. १०० मैल चार तासांच्या आत ही ब्रिटिश सायकलिंगमधली मानाची खूण होती. रे बूटी हा पहिला पुरुष, १९५६ मध्ये, ३ तास ५८ मिनिटं २८ सेकंद. बारा वर्षांनी बेरिलने केले ३ तास ५५ मिनिटं ५ सेकंद. चार तासांच्या आत येणारी ती पहिली महिला, आणि वेळ बूटीच्या ऐतिहासिक वेळेपेक्षा तीन मिनिटांहून कमी. महिलांमध्ये हा विक्रम २८ वर्षं टिकला.

२५ मैल एका तासाच्या आत आणि ५० मैल दोन तासांच्या आत येणारी पहिली महिलाही तीच, त्यातले २५ मैल १९६३ मध्ये.

---

अबोली

तिच्या शेवटाबद्दल कुणीच लिहिलं नाही, मी लिहिते. ५ मे १९९६. एकोणसाठाव्या वाढदिवसाला आठवडा उरला होता. वाढदिवसाची आमंत्रणं वाटायला ती सायकलवरून निघाली होती, वाटेतच हृदय बंद पडलं. लहानपणच्या आजारापासून तिच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं सांगतात.

लोक म्हणतात "सायकलवर गेली, भाग्यवान". मला तसं म्हणवत नाही. ५८ हे काही जायचं वय नाही. जिंकणं थांबल्यावरही ती स्पर्धा करत राहिली, शरीर साथ देत नसताना, वेळा घसरत असताना. जवळच्यांना काळजी वाटत होती. एवढ्या वर्षांच्या सवयीनंतर तिला थांबताच आलं नाही का? मी डॉक्टर आहे, म्हणून हा प्रश्न मला इतर सगळ्या विक्रमांपेक्षा जास्त छळतो.

---

चक्रधर

अबोली, तुमच्या व्यवसायामुळे तुम्हाला जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही, त्यामुळे वाद घालत नाही. फक्त एवढं वाटतं की लहानपणी जिला पंधरा महिने "हालचाल करू नकोस, दमू नकोस" असं ऐकावं लागलं, तिला पन्नाशीत पुन्हा तेच ऐकवणारा माणूस कुठून आणायचा?

---

अबोली

हे मात्र खरं. आणि एक कबूल करते, लहानपणी तिला दिलेला तो सल्ला पाळला असता तर हा धागाच निघाला नसता. तरीही नंतरच्या काळात नियमित तपासणी आणि थोडी उसंत मिळायला हवी होती, यावर मी ठाम आहे.

---

सोनचाफा

तिच्या हयातीत देशाने काही दखल घेतली की नाही?

---

लांबपल्ला

घेतली. १९६४ मध्ये एमबीई, १९६८ मध्ये त्याच्या वरचा ओबीई, हे ब्रिटनचे राष्ट्रीय सन्मान. १९६७ च्या त्या भन्नाट मोसमानंतर बीबीसीच्या वर्षातल्या सर्वोत्तम क्रीडापटूच्या निवडीत ती दुसरी आली, पहिला मुष्टियोद्धा हेन्री कूपर. आज मोर्लीत तिच्या नावाची बाग आहे, तिथे भिंतीवर तिचं मोठं चित्र आहे. हॅरोगेट ते नेअर्सबरो सायकलमार्गाला तिचं नाव दिलंय. पण हे सगळं यॉर्कशायरच्या आसपास. जगभरातल्या सायकलप्रेमींमध्ये तिचं नाव पोचलं नाही.

निरांजनच्या सूचनेला जोडून एक खुलासा. तिचे २७७.२५ मैल अधिकृतपणे "पुरुषांचा विक्रम" म्हणून कधीच नोंदले गेले नाहीत. पुरुषांच्या यादीत १९६७ समोर मॅकनमाराचे २७६.५२ आहेत आणि बेरिलचे महिलांच्या यादीत. दोन वेगळ्या याद्या, रस्ता एकच, दिवस एकच. त्यामुळे नुसती पुरुषांची यादी बघणाऱ्याला त्या दिवशी त्याच्या पुढे कुणी होतं याचा पत्ताही लागत नाही. म्हणून कुणाला कुठे या स्पर्धेबद्दल लिहायचं असेल तर कृपया दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

चक्रधर यांनी रेंडर्सबद्दल व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपातून) विचारलंय. तिचीही सात विश्वविजेतेपदं आहेत, चार रस्त्यावर आणि तीन ट्रॅकवर, आणि तिची गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. तिच्यावर वेगळा धागा काढते, इथे नको.